माझ्या दुखवट्यात टीव्ही चालू ठेवावा

दयाळू आणि कृपाळू अल्लाहचे नाव घेऊन.

मी, दवलत फिक्री अबू-सीफ, वय एकोणऐंशी, धंदा अभिनय, राहणार शुब्रा, कैरो, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी शाबूत नाही. ती बदलण्यासाठी रविवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. झडपेचा बुद्धीशी संबंध नाही असे त्यांनी लिहून दिले आहे आणि तो कागद मागे जोडला आहे. अक्षर थोडे हलले असेल, तर त्याचा अर्थ भीती असा लावू नये. आठवडाभर मी इतकी आनंदात आहे की भात दोनदा करपला. का, ते पाचव्या कलमात येईल. कायद्याच्या कागदाला क्रम असतो, म्हणून धीर धरून पहिल्यापासून सुरुवात करते.

१. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. पहिल्या मजल्यावरच्या मादाम एस्तेर बुतरस यांना माझ्या जनाज्याच्या आसपास फिरकू देऊ नये, असे त्यात लिहिले होते. आता त्या आल्याच पाहिजेत.

२. आमच्या कायद्याने माणसाची मर्जी त्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांशावरच चालते. बाकीचे वारसाचे. माझा वारस एकच, माझ्या दिवंगत भावाचा मुलगा हातिम. घर, बँकेतले पैसे, फ्रीज आणि अलेक्झांड्रियातली आमची कबरीची जागा त्याने घ्यावी. हातिम चांगला मुलगा आहे. दर आठवड्याला फोन करतो आणि फोनवर जांभया देतो. त्याला घर मिळते आहे यात मला आनंद आहे. फक्त माझ्या स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथे हॉल करू नये. एकत्र केलेल्या स्वयंपाकघरात भांडण नीट करता येत नाही.

३. माझे पती वगीह स्टुडिओत दिवे लावत. त्यांचा उभा दिवा आणि कातडी हातमोजे माझ्या मर्जीच्या हिश्शात धरावेत. दिवा जिन्यात लावावा. तिथला बल्ब आमचे दारवान गाबिर गेल्या ईदपासून बदलत आहेत. लिफ्ट तर त्याहून जुन्या काळापासून बंद आहे, त्यामुळे जिना दिसणे गरजेचे आहे.

४. पलंगाखालच्या तीन पेट्यांतल्या व्हिडिओ कॅसेट आणि त्या चालवायचे यंत्र या इमारतीतल्या बायकांना मिळून द्यावे. दर शुक्रवारी दुपारी आम्ही त्यावर रमजानच्या जुन्या मालिका पाहतो. बाहेरच्यांना वाटते, शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा काय बघायची? पण जुना भाग दुसऱ्यांदा पाहताना गोष्ट कोण बघतो? आम्ही कडा बघतो. एकच भाजीवाला रस्त्यावरून दोनदा जातो, भिंतीवर माइकची सावली पडते. एका ऐतिहासिक मालिकेत मी खलिफाला शरबत देते आणि माझ्या मनगटावर वगीहने दिलेले घड्याळ आहे. ते दिसले की दुसऱ्या मजल्यावरची तहानी ओरडते, "किती वाजले, आजी?" आणि सगळ्या जणी हसतात. नियम एकच: जाहिराती पुढे ढकलू नयेत, आणि मध्येच आलेली अजान कापू नये. अर्धी मजा तिथेच आहे.

५. आता मुख्य वस्तू.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी वसंतात आम्ही "लिफ्ट बंद आहे" या विनोदी मालिकेचा पहिला भाग नमुन्यादाखल चित्रित केला. गोष्ट साधी: एका इमारतीची लिफ्ट बिघडते आणि एकमेकींचे तोंड न बघणाऱ्या दोन शेजारणींना रोज जिन्यात भेटावे लागते. एक एस्तेर होती, दुसरी मी. मला बरोबरीची भूमिका आयुष्यात तेवढी एकदाच मिळाली. भाग स्टुडिओतल्या लोकांना दाखवला गेला, ते हसले, आणि मग एका सकाळी कळले की मालिका होणार नाही. फीतही उरणार नव्हती. तेव्हा फिती महाग होत्या. जुने पुसून नवे भरत. आमच्या फितीवर लाल आणि पांढरे या दोन फुटबॉल संघांचा सामना भरायचा ठरला होता.

त्या रमजानमध्ये एस्तेर दुसऱ्या एका मालिकेत हवेलीची मालकीण झाली. मी तिची मोलकरीण. तीस रात्री मी दार वाजवून आत गेले, तांब्याचा ट्रे पुढे केला आणि म्हणाले, "चहा आणलाय, बाईसाहेब." तीस रात्री ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठेव तिथं." त्यानंतर मला ट्रेशिवाय कोणी बोलावले नाही. आणि मालिका कोणी बुडवली याचा माझा अंदाज असल्यामुळे एस्तेरशी मी जिन्यातही बोलले नाही, जरी आम्ही एकाच इमारतीत म्हाताऱ्या झालो.

गेल्या आठवड्यात फोन आला. नवारा नावाची इंजिनियर मुलगी आहे; बंद पडलेल्या स्टुडिओंच्या फिती गोळा करून ती त्यांतले चित्र वाचवते. तिला लाल संघाच्या चाहत्यांनी जुना सामना शोधायला सांगितले होते. ती म्हणाली, "दवलत आजी, मी सामन्याचा डबा उघडला. मैदान नाही, खेळाडू नाहीत. तुम्ही जिन्यात बसून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडताय."

मी खाली बसले. मग उठले. मग पुन्हा बसले.

झाले ते असे. सामन्याच्या दिवशी डब्यावर सकाळीच सामन्याचे नाव लिहून ठेवायची पद्धत होती. दुपारी खमसीनचे वादळ आले, शहर वाळूने पिवळे झाले, सामना पुढे ढकलला, माणसे घरी गेली. फीत पुसायची राहिली आणि नाव तसेच राहिले. आणि एकदा डब्यावर लाल-पांढऱ्यांचे नाव पडल्यावर तो पुसायची या शहरात कोणाची छाती आहे? लाल म्हणाले असते पांढऱ्यांनी पुसला, पांढरे म्हणाले असते लालांनी. लग्नसमारंभ पुसले गेले, मंत्र्यांची भाषणे पुसली गेली, पण आमचे भांडण वाळूच्या कृपेने आणि फुटबॉलच्या धाकाने जिवंत राहिले.

नवाराने ती फीत मला रीतसर भेट दिली आहे. मात्र थोडी चालवताच ती यंत्राला चिकटू लागली. जुन्या फितीत ओल धरते. म्हणून ती आता खजूर सुकवायच्या पेटीत मंद आचेवर सुकते आहे. सुकली की थोडे दिवस धड चालेल, आणि मग पुन्हा चिकट होईल; दुसऱ्यांदा सुकवणे तिला सोसेल की नाही, नवारा सांगू शकत नाही. यंत्राचा एक भाग दुरुस्तीला गेला आहे, तो पुढच्या आठवड्यात येईल. तेव्हा मी दवाखान्यात असेन. किंवा नसेन.

६. ही फीत माझ्या मर्जीच्या हिश्शातून नवाराच्या संग्रहाला द्यावी. तिने वाचवलेले चित्र मागेल त्याला फुकट दाखवावे. हातिमने आखाती देशातल्या एका वाहिनीचे गिऱ्हाईक आणले होते. "आत्या, त्यांची एकच अट आहे," तो म्हणाला, "त्यांच्याआधी कोणी बघितलेलं नको. बघितलं की भाव उतरतो." मी विचारले, मी फीत विकतेय की मुलगी उजवतेय? त्याने हसून विषय सोडला, पण त्याच्या डोळ्यांतून तो सुटलेला नाही. म्हणून लिहिते: आधी आमची गच्ची, मग जग.

७. येत्या रमजानच्या पहिल्या दिवशी इफ्तारनंतर हा भाग आमच्या गच्चीवर चादर ताणून दाखवावा. मी जिवंत असून दवाखान्यात असले, तर घरी येईपर्यंत थांबावे, पण रमजान अर्धा सरण्याच्या पुढे नाही. मी मेले असले, तर अजिबात थांबू नये.

हे मुद्दाम लिहावे लागते. आमच्या इमारतीत कोणी गेले की चाळिसावा दिवस होईपर्यंत कोणी टीव्ही लावत नाही. मुसलमान असो की ख्रिस्ती, सगळे पाळतात. पाळायलाच हवे, वगीह गेला तेव्हा रमजान होता आणि सहाही मजल्यांवरून एक आवाज आला नाही. मी ती शांतता विसरलेले नाही. पण माझ्यासाठी इतके दिवस टीव्ही बंद राहिला, तर आमची फीत पेटीतून काढून ठेवल्याजागी पुन्हा चिकट होईल, आणि लोकांनी माझ्या आदरापोटी मला दुसऱ्यांदा पुसून टाकलेले असेल. तरी माझ्या दुखवट्यात टीव्ही चालू ठेवावा. मोठ्याने.

अडचण एवढीच की माझ्या कागदाला कोणी विचारणार नाही. या इमारतीत असल्या बाबतींत शब्द चालतो तो एस्तेरचा. ती गच्चीवर पहिल्या खुर्चीत बसली तर सगळ्या येतील. ती खाली दार लावून बसली तर चादर रिकामीच फडफडेल. म्हणून मादाम एस्तेर बुतरस यांना या कलमाद्वारे विनंती

इथे लिहायचे थांबले, कारण दार वाजले. एस्तेर होती. तीन मजले चढून आली होती. श्वास लागला होता, पण केस जागेवर होते. गाबिर यांनी तिला बातमी दिली होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिले. फीत खरंच सापडली का, तिने विचारले. हो म्हटले. शेवटचा प्रसंग आहे का त्यात? असणार, म्हटले. तिने पेला खाली ठेवला.

"पुसायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी पेला पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला.

"दिग्दर्शकाला म्हटलं, ही मालिका केलीत तर तुमच्या रमजानच्या मालिकेत मी नाही. शेवटच्या प्रसंगात सगळे तुझ्याकडे बघत होते, दवलत. मी तुझ्या मागच्या पायरीवर बसलेली, माझं वाक्य चाललंय, आणि कॅमेरा तुझ्या तोंडावर."

या क्षणासाठी मी अनेक वाक्ये तयार करून ठेवली होती. अंघोळ करताना, कांदा चिरताना, तिच्या प्रत्येक सत्काराच्या वेळी. त्यांतले एकही आले नाही. आला तो कामाचा प्रश्न.

"नेमकं कुठल्या क्षणी?"

"मुलुखियाची काडी तू न बघता मागे फेकलीस आणि ती माझ्या मांडीवर पडली तेव्हा."

"ती चुकून पडली."

"चुकून?" एस्तेर म्हणाली. "आणि हे तू मला आज सांगतेस?"

मग आम्ही दोघी हसलो. मला छातीवर उशी धरून हसावे लागले. डॉक्टरांनी हसायला मनाई केलेली नाही, मी विचारून घेतले होते. "मी पुसायला सांगितलं आणि देवानं वाळू पाठवली," ती डोळे पुसत म्हणाली. माफी तिने मागितली नाही. मीही दिली असे नाही. मी तिला सातवे कलम वाचून दाखवले.

"दुखवट्यात टीव्ही? लोक काय म्हणतील?"

"तू बसलीस तर काही म्हणणार नाहीत."

ती उठून खिडकीशी गेली. खाली गल्लीत पोरे रमजानचे कंदील टांगत होती. मग म्हणाली, बसेन. पहिल्या खुर्चीत? पहिल्या खुर्चीत. आणि एवढ्यावर सुटका नाही, हे तिला माझ्या तोंडावरून कळले असावे, कारण तिने विचारले, "अजून काय?"

८. पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या ठेवाव्यात. एक एस्तेरची, एक माझी. खेळ सुरू होण्याआधी एस्तेरने तांब्याचा ट्रे घेऊन गच्चीच्या दारातून यावे. ट्रेवर एक चहा, पुदिना घालून, साखर दोन चमचे. माझ्या खुर्चीसमोर थांबून म्हणावे, "चहा आणलाय, बाईसाहेब." खुर्ची रिकामी असली तरी म्हणावे. नंतर ट्रे तिने ठेवून घ्यावा असे मला वाटत होते, पण तसे लिहिले तर ती लाभार्थी होते आणि तिला साक्षीदार होता येत नाही. म्हणून ट्रे हातिमचा. तो तिला दर रमजानला उसना देईल. याच कारणाने गाबिर यांना द्यायचा छोटा टीव्ही मी आजच त्यांच्या हातात दिला आहे.

खुर्ची रिकामी ठेवण्याचा माझा अजिबात विचार नाही. एस्तेर ट्रे घेऊन येईल आणि मी तिच्याकडे न बघता "ठेव तिथं" म्हणेन. आज स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत आम्ही दोन तालमी केल्या. तिने ते तीस रात्री कसे केले कोण जाणे. वाटते तितके सोपे नाही.

हे सर्व मी वाचून, समजून आणि आनंदाने सही केली आहे.

दवलत फिक्री अबू-सीफ
शुब्रा, कैरो
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार पहिले: गाबिर अब्द-अल-मवला, दारवान. टीव्ही मिळाला. बल्ब उद्या बदलतो.

साक्षीदार दुसरी: एस्तेर बुतरस, पहिला मजला. आठवे कलम मान्य. दोन्ही तालमींत ती वळून माझ्याकडे बघत होती, हे साक्षीला धरून सांगते.