बाबांनी थॅचरबाईंची बाजू घेतली त्याची हकिकत

काल्डहोप, डरहॅम
मार्चअखेर

तीर्थरूप अर्नीकाकांस,

पुतणी हीदर हिचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची आणि मेव्हिसकाकूंची तब्येत टॉर्कीच्या हवेत उत्तम असेल, आणि तिथले समुद्रपक्षी तुमच्या हातातले तळलेले बटाटे पळवत नसतील, अशी आशा करते. इकडे थंडी जायचं नाव घेत नाही. मी बरी आहे, दवाखान्याच्या खिडकीवरची नोकरीही बरी आहे. काळजी एकच: बाबा घरात आहेत. म्हणजे सकाळी आहेत, दुपारी आहेत आणि संध्याकाळीही आहेत. खाण बंद झाल्यापासून एकही संध्याकाळ वेल्फेअरमधला, खाणकामगारांच्या त्या क्लबातला, डॉमिनोचा डाव न चुकवणारा माणूस तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात बसून मला बटाटे कसे सोलायचे ते सांगतो आहे. हे असंच चालू राहिलं तर दोघांपैकी एक जण जाईल, आणि बाबांची प्रकृती पाहता ती मीच असेन.

झालं असं की गावात नवीन धर्मोपदेशिका आल्या आहेत, रेव्हरंड फिलिपा. दक्षिणेकडच्या आहेत, स्वभावानं गोड आहेत, आणि जुनी दुखणी उघड बोलली की बरी होतात अशी त्यांची समजूत आहे. (दवाखान्यात बसणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, की ती फक्त लांबतात.) त्यांनी ठरवलं की वेल्फेअरमध्ये खाणी बंद करणाऱ्या पंतप्रधान थॅचरबाईंवर जाहीर वाद ठेवायचा: बाईंमुळे गावाचं भलं झालं की वाटोळं? आता हे नाव मी पत्रात लिहू शकते, पण वेल्फेअरमध्ये ते घेता येत नाही हे तुम्ही विसरला नसाल. तिथे त्या नुसत्या 'ती'. कोणी चुकून नाव घेतलंच तर त्यानं उठून दाराबाहेर जायचं, पायरीवर उभं राहायचं आणि टकटक करून पुन्हा आत यायचं. रेव्हरंड फिलिपांना हे कोणी सांगितलं नाही. त्यांच्या स्वागतपर भाषणाचा बराचसा भाग त्यामुळे आम्ही बंद दारातून ऐकला. बाहेर गारा पडत होत्या. शेवटी आत आल्या तेव्हा ओल्याचिंब होत्या, पण सभेला त्यांच्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

पुढची अडचण अशी, की 'तिच्या' बाजूनं बोलणार कोण? वेल्फेअरमध्ये नको असलेलं काम सोंगट्यांवर ठरतं. डॉमिनो टेबलावर पालथे घालायचे, प्रत्येकानं एक उचलायचा, आणि दोन्हीकडून कोरा असलेला ज्याच्या हाती येईल त्यानं गटार उपसायचं, नाहीतर नाताळात पोरांसाठी लाल डगला घालून म्हातारा व्हायचं. मध्यंतरी डग्लस रॅमशॉनं ते म्हाताऱ्याचं काम इतक्या रडव्या तोंडानं केलं की पोरं टेबलाखाली लपली. तेव्हापासून बाबांनीच नियम करून घेतला, की जे वाट्याला येईल ते जीव ओतून करायचं, नाहीतर वेल्फेअरची पायरी चढायची नाही. गटारासाठी आणि म्हाताऱ्यासाठी केलेला हा नियम या कामालाही लागू पडेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पिशवी आली, सोंगट्या पसरल्या, बाबांनी एक उचलली, उलटून पाहिली आणि मुठीत धरली.

"विल्फ, अरे दाखव की!" डग्लस म्हणाला.

"कोरा आहे," बाबा म्हणाले.

"सगळे हसले" असं लिहिलं तर खोटं होईल. सगळे खूष झाले. संपातला सर्वांत कडवा माणूस 'तिच्या' बाजूनं दोन वाक्यं अडखळत बोलणार, आपण आरडाओरडा करणार आणि मग बार उघडणार, असा सर्वांचा हिशेब होता. माझाही होता. (मी घरून निघताना सूप मंद आचेवर ठेवून आले होते. ते पुढे जळालं.)

बाबा उभे राहिले. त्यांनी दोन बोटं जाकिटाच्या खिशात घातली, एकदा नाक ओढलं आणि म्हणाले, "खाण गेली म्हणून रडता? आपल्या बापाला खाणीनं काय दिलं? खोकला. खोकल्यानं काय दिलं? पेटी. आणि तुमच्या पोराला त्याच भोकात उतरवायला तुम्ही भांडत होतात!" मग पुन्हा नाक ओढलं. "संप करायचा तर मतं का घेतली नाहीत? कोणाला भ्यालात, तिला की आपल्याच माणसांना?" मग नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांवर आले, जी 'तिनं' भाडेकरूंना विकत घेऊ दिली. "स्वतःच्या दाराला रंग द्यायला अर्ज करावा लागायचा, आठवतं का रे, डग्लस? ती म्हणाली, दार तुझं. तुला रंग आवडला नाही म्हणून काय दारच वाईट?"

काका, नाक ओढलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी खुर्चीत ताठ बसले. बाबा कधी नाक ओढत नाहीत. त्यांच्याकडे जाकिटाचा खिसा आहे, पण त्यात बोटं घालून उभं राहायची सवय या घराण्यात एकाच माणसाची, तुमची. तुम्ही दोघं संपाचं अख्खं वर्ष एका शेकोटीपाशी उभे राहिलात आणि एका पातेल्यातलं खाल्लंत. मग खाण बंद झाल्यावर भरपाईतून तुम्ही राहतं घर विकत घेतलंत, त्याच्या हिरव्या दाराला पिवळा रंग दिलात आणि खिडकीत 'तिच्या' पक्षाचा कागद लावलात. त्या रविवारी आजीच्या टेबलावर तुमचं जे भांडण झालं ते मी टेबलाखाली बसून ऐकलं होतं. मला त्यातलं एवढंच आठवतं, की शिजवून ठेचलेले वाटाणे कोणी वाढून घेतले नाहीत. बाबांना सगळं आठवतं. एकेक वाक्य, मधला प्रत्येक श्वास, तुम्ही कुठे बोट रोखलंत ते. ज्याच्याशी इतकी वर्षं बोललो नाही तो माणूस इतका पाठ असतो, हे मला माहीत नव्हतं. मी अशी कोणाची किती वाक्यं जपून ठेवली आहेत, हे मी खुर्चीत बसून मोजायला लागले होते, तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या.

एकच जण वाजवत होता आणि त्यानं लगेच हात मांड्यांखाली घेतले. डग्लसला उत्तर द्यायचं होतं. इतक्या वर्षांचा राग तो गोळा करून आला होता आणि तो सगळा एकदम दाराशी आल्यामुळे अडकला. "पण... ती... अरे, *ती*!" एवढं म्हणून त्यानं टेबलावर मूठ आपटली, सोंगट्या खाली पडल्या आणि तो बसला. मग रेव्हरंड फिलिपांनी हात वर करायला सांगितले. आधी कोणी केला नाही. मग मागच्या बाकावरून एक वर आला, तो पाहून दुसरा, आणि बाबा जिंकले.

काल्डहोपच्या वेल्फेअरमध्ये 'ती' जिंकली. सभेला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र हात वर केलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्याकडून हे कोणीतरी करवून घेतलं, आणि ते कोण हे शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा डावाला गेले तर टेबल भरलेलं होतं. रिकाम्या खुर्चीवर डग्लसची टोपी बसली होती. दवाखान्यातही लोक मला खोकला सांगतात आणि जाताना म्हणतात, "वडिलांना विचार, हा खोकला कोणी दिला."

मी बाबांना म्हटलं, जाऊन माफी मागा. तर म्हणाले, "जिंकल्याबद्दल माफी? नियम माझा आहे." मी म्हटलं, पण तुम्हाला त्यातलं एक अक्षर तरी पटतं का? त्यांनी माझ्या हातातला बटाटा घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बापाच्या खोकल्याचं तो बरोबर बोलला होता. तेव्हा मी त्याला बोलू दिलं नाही." आणि मग मी साल फार जाड काढते म्हणाले.

असो. पत्र लांबलं. माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळवली. मेव्हिसकाकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
हीदर

ता. क. मागणं आहे. रेव्हरंड फिलिपांनी (आता त्या नाव घेत नाहीत) ईस्टरनंतर वाद पुन्हा ठेवला आहे. बाबा हरले तरच टेबलावर जागा होईल, आणि ते मुद्दाम हरणार नाहीत. 'तिच्या' विरुद्ध त्यांना हरवील असा माणूस गावात उरलेला नाही. त्या रविवारी बाबांनी तुम्हाला जी उत्तरं दिली ती बाबांखेरीज पाठ असलेला एकच माणूस आहे, तुम्ही; तेव्हा या. ती तुम्हाला आठवत नाहीत असं कळवू नका, माझा विश्वास बसणार नाही. तुम्ही मत कोणाला दिलंत हे कोणी विचारणार नाही. या वेळी कोरा डॉमिनो 'तिच्या' विरुद्ध बोलणाऱ्यासाठी आहे, आणि तो तुमच्या हाती येईल याची व्यवस्था डग्लस करतो आहे.

ता. क. २. हे बाबांना ठाऊक नाही. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. आज सकाळी बाबांनी तळमजल्यावरच्या खोलीतलं आपलं सामान माडीवर नेलं आणि खालच्या पलंगावर स्वच्छ चादरी घातल्या. विचारलं तर म्हणाले, ज्याचा गुडघा गेलाय त्यानं जिने चढायचे का? बाबांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्या गुडघ्याचं काकूंनी नाताळच्या कार्डावर लिहिलं होतं, आणि ते कार्ड आपण वाचलेलं नाही असं बाबा अजूनही सांगतात.