हे बोलायला लागले तेव्हा

१२ जानेवारी १९९६
पुन्हा चक्कर! पोळी तव्यावर अन् मी जमिनीवर. घर गरगर फिरतंय, उलटी थांबेना. ह्यांनी धावत येऊन डोकं मांडीवर घेतलं. मिल चालू असती तर हे घरी असते का!

१५ जानेवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, "ताई, पडद्यातून आत इंजेक्शन देऊ. चक्कर जाईल. पण सुनना भी जा सकता है." डावा कान लहानपणीच गेलेला. उरला हा उजवा. म्हणून तेही कचरत होते. "सोच लो, मग या."

१६ जानेवारी
सोचू काय? लग्न झाल्यापासून ह्यांनी घरात तोंड म्हणून उघडलं नाही. मिलच्या साचेखात्यातून, कापड विणायच्या यंत्रांवरून यायचे, केसांत कापूस, जेवायचे, झोपायचे. बडबड माझी एकटीची. तरी काय दिवस होते ते! भोंगा झाला की मी चहाचं आधण ठेवायची. जुनी इंदूर मोहल्ल्यातली आमची गल्ली सायकलींच्या घंट्यांनी भरून जायची. आता दुपार, संध्याकाळ सगळं सारखंच.

मिल बंद झाली अन् ह्यांना वाचा फुटली! कुठला साचा कसा रुसायचा, पोह्यांवर जिरावण मसाला कोण फार घालायचं — दिवसभर चालू. मला फार आवडतं. आता कुठे बोलायला लागलेत, आणि मी बहिरी होऊ?

२ फेब्रुवारी
काल पेटत्या स्टोव्हजवळ पडले. पदर जळला. ह्यांनी हातानेच विझवला. "बस हो गया! इंजेक्शन घे. माझं ऐकू नाही आलं तरी चालेल, तू राहा ना." खूप रडले.

९ फेब्रुवारी
घेतलं. आत आधी गार, मग आग. कान वर करून पडून राहिले — "बोलायचं नाही, गिळायचं नाही." मला गप्प बसवणारं औषध निघालं एकदाचं!

२० फेब्रुवारी
चक्कर नाही!!

२७ फेब्रुवारी
चक्कर नाही. पण ह्यांचा आवाज माठातून आल्यासारखा.

११ मार्च
कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं — परत येईलच असं नाही. हे बोलतात, मी हसून मान हलवते. आज भलत्याच जागी हसले. हे गप्प झाले ते झालेच. भीती वाटते.

१२ मार्च
सकाळी हे समोर बसून बोटं नाचवायला लागले, भुवया काय, ओठ काय! म्हटलं, डोकं फिरलं. मग पेपरच्या कडेला लिहिलं — 'साच्यांच्या धडधडाटात आम्ही दिवसभर असंच बोलायचो. शिकतेस?'

आज जेवायला फार उशीर झाला. बोलणंच संपेना.