हळू जाणारी फळी

आक-बुलाक, ६ ऑक्टोबर

चि. तोक्तोसुन यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण तुझा भाचा.

फोन का केला नाही, म्हणशील. अरे, आमच्याकडे फोन लागतो तो फक्त शाळेमागच्या टेकाडावर, आणि तिथे अर्धं गाव कान टवकारून उभं असतं. त्यातच मिर्लानही. म्हणून हे पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती, बटाट्यांच्या पोत्याबरोबर. बटाटे तुझ्या बायकोला, पत्र तुला. उलट करू नकोस.

येत्या रविवारी मिर्लान कराकोलला तुझ्या दुकानात येतोय, नवा स्नोबोर्ड घ्यायला. जुना गेल्या फेब्रुवारीत करा-सायच्या घळीत मोडला. बोर्ड मोडला, असंच सगळे म्हणतात. त्या बर्फाच्या लोंढ्याखाली माझा मुलगा अकरा मिनिटं गाडलेला होता, हे कुणी म्हणत नाही. त्याच्या सोबत्यानं, सुयुननं, उकरून काढला तेव्हा ओठ जांभळे पडले होते. आणि आता हे महाशय पैसे देऊन बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन परत त्याच घळीत जाणार! मी रडले, जेवण टाकलं, मौलवींना घरी बोलावलं. मौलवींनी तीन वाट्या चहा प्यायला आणि जाताना आपल्या पुतण्यालाही या कामात घ्यावं म्हणून मिर्लानलाच गळ घातली.

म्हणून तुला सांगते. जुने बोर्ड विकण्यात तुझे केस पांढरे झाले. त्यातली एखादी हळू जाणारी फळी त्याच्या गळ्यात मार. खालच्या उतारावर गोल गोल फिरता येईल, पण वर जायची हिंमत होणार नाही, अशी. मला दुसरं काही सुचत नाही रे. त्याचे वडील असते तर त्यांनी दंड धरून थांबवलं असतं. माझा हात आता त्याच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनारकुलताई


कराकोल, १४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. सलाम वि. वि.

बटाटे पोचले. तुझी भावजय म्हणते फार बारीक आहेत, पण रोज खातेय.

ताई, कुठल्या संकटात घातलंस मला! आपल्यात भाच्याला नाही म्हणायची सोय आहे का? मामाच्या घरातून तीन वेळा हवं ते उचलायचा त्याचा हक्क. पाच वर्षांचा असताना माझं कुत्र्याचं पिल्लू नेलं, पंधराव्या वर्षी खोगीर नेलं, मी हूं की चूं केलं नाही. एक उचल अजून बाकी आहे. भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं म्हातारे उगाच म्हणत नाहीत. भाच्याला दुखावलं की मामाचे हात थरथर कापायला लागतात, हेही तेच म्हणतात. हसू नकोस, माझे शनिवारपासूनच कापतायत.

तरी तुझ्यासाठी केलं. चांगले लांब बोर्ड मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांखाली दडवले. पुढे ठेवला एक आखूड, अरुंद, दाबून घट्ट केलेल्या बर्फावरच चालणारा. वाटलं होतं, पोरगं नाक मुरडेल, घासाघीस करेल, मग मीही चार थापा मारेन. कसलं काय! मला म्हणाला, मामा, तुम्हीच निवडा, तुमच्याइतकं मला कळत नाही. ताई, तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्या आखूड बोर्डाची तारीफ करत राहिलो आणि तो मान डोलावत राहिला. जाताना गळ्यात पडला माझ्या.

झालं तुझ्या मनासारखं. पण आखूड बोर्ड खोल, भुसभुशीत बर्फात नाक खुपसतो. लोंढा मागे लागला तर त्यावरून पळता यायचं नाही. तो वर गेलाच, तर... जाणार नाही म्हणा. तूच म्हणतेस ना, जाणार नाही.

पुढच्या खेपेला बटाटे कमी आणि खुशालीच्या ओळी जास्त पाठव.

तुझा,
तोक्तोसुन


आक-बुलाक, १९ नोव्हेंबर

ती. मामांस सादर सलाम.

तुम्ही रागवाल, पण सांगतो. त्या दिवशी आल्या आल्या मी मागच्या खोलीत हात धुवायला गेलो होतो. पोत्याखालून एक हिरवं टोक बाहेर आलं होतं. आणि मामा, तुमच्या कानांवर पीठ होतं! आईनं तुम्हाला गुपचूप लिहिलंय हे कळायला आणखी काय पाहिजे? मुकाट्यानं घेतला तो आखूड. त्यानंतर आई महिनाभर नीट जेवली. कणकेचे बोरसोक तळून शेजारणींना वाटले, आणि बोर्ड कसा लहानसा, गुणी आहे ते सांगत सुटली. मला तेवढंच हवं होतं.

परवा पहिला मोठा बर्फ पडला. वरच्या कुरणात जाऊन बघितलं. चार वेळा नाक रुतलं, चार वेळा तोंडावर आपटलो. याच्यावरून घळीतून जिवंत निसटणं कठीण आहे.

आईला वाटतं मी हट्टानं जातो. मामा, दहा डिसेंबरला पहिले पाहुणे येतायत. सुयुन त्यांना घळीत नेणारच. त्याच्या घरी पाच खाणारी तोंडं आहेत आणि गावात दुसरं काम नाही. मी नाही गेलो तर तो एकटा नेईल. पाहुण्यांना फावडं धरायचंही ठाऊक नसतं. मला त्यानं उकरून काढलं. त्याला कोण काढणार? हे आईला सांगायला जातो, तर सुयुनचं नाव निघताच ती रडते, त्याला दुवा देते, आणि पुढचं मला बोलताच येत नाही.

माझी तिसरी उचल बाकी आहे. तो हिरवा बोर्ड मला द्या.

मामींना सलाम. रागवा, पण अंतर देऊ नका.

तुमचा,
मिर्लान


कराकोल, २३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. सलाम वि. वि.

मिर्लानचं पत्र सोबत ठेवलंय. वाच, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. बोर्ड पाठवू का, असं विचारत नाही, कारण तो याच बसच्या टपावर आहे.

उचल बाकी होती म्हणून दिला, असं मी लोकांना सांगेन. खरं कारण वेगळंय. तो आखूड बोर्ड मी निवडला होता, ताई, या हातांनी. त्यावरून पोरगं घळीत गेलं असतं आणि काही झालं असतं, तर कुठल्या तोंडानं तुझ्या दारात उभा राहिलो असतो? माझ्याकडचा सगळ्यात चांगला दिलाय. लांब, रुंद, खोल बर्फावर तरंगणारा, पळणारा. त्याला थांबवेल अशी एकही वस्तू माझ्या दुकानात नाही गं.

रागावलीस तरी लिही.

तोक्तोसुन


आक-बुलाक, ९ डिसेंबर

चि. तोक्तोसुन यास आशीर्वाद.

शिव्याच देणार होते. कागद घेऊन बसले आणि सुचल्या नाहीत. मग उठून सुयुनच्या आईकडे गेले. तुझ्या मुलाला आवर, म्हणजे माझा आपोआप राहील, असं तिला सांगायचं ठरवून गेले होते. बघते तर तिनं त्याचे बूट चुलीमागे लपवलेले, आणि तीच मला म्हणाली, की तुझ्या मिर्लानला आवर ना, म्हणजे माझाही राहील. दोघी चहा पीत बसलो.

पाहुणे उद्या येतायत. आज दुपारी मिर्लान दोर आणायला गेला होता. हिरवी फळी दोन खुर्च्यांवर उलटी टाकलेली, शेजारी मेणाची वडी आणि इस्त्री. गेल्या वर्षी त्याला करताना बघितलंय मी. मेण लावलं नाही तर बर्फ खाली धरून ठेवतो, फळी पळत नाही. मी बघत उभी राहिले. ती पळू नये म्हणून तुझ्या किती विनवण्या केल्या होत्या! मग इस्त्री तापवली. मेण थेंब थेंब सोडलं, टोकापासून शेपटीपर्यंत इस्त्री फिरवली, गार झाल्यावर खरवडलं, फडक्यानं घासलं. कोपर दुखायला लागलं तरी घासत होते.

मिर्लान कधी येऊन दारात उभा राहिला, कळलंच नाही. त्यानं फळीवरून तळवा फिरवून बघितला आणि म्हणाला, पुरे, आई, आता फार जोरात जाईल.

मी आणखी एक थर चढवला.

उद्या दिवसभर आमच्यासाठी दुवा माग. सुयुनसाठीही.

तुझी,
अनारकुलताई