एकाहत्तर हा आकडा तुमचा नाही

बाबा,

तुम्ही फिरून यायच्या आत निघून राह्यली, सातची एसटी आहे. तोंडावर बोलणं जमलं नाही, म्हणून हे लिहिते.

पोरगी एकदम दोन डिग्र्या करते, एक विम्याच्या गणिताची अन् एक कॉम्प्युटरची, हे तुम्ही अख्ख्या ऑफिसले सांगितलं. मंगळवारी माझ्या लॅपटॉपवर तुम्ही पाहिलं, तो त्या दोन्हींचा मिळून प्रोजेक्ट आहे. माणसाचं वय, शुगर, बीपी, तंबाखू भरलं की तो वयाच्या कितव्या वर्षापर्यंत जगेल याचा अंदाज येते. सरांनी घरातला एक माणूस घ्यायला सांगितला होता. नावाच्या जागी नंबर टाकायचा असते, मी 'बाबा' टाकलं. चूक माझीच.

पण एकाहत्तर हा आकडा तुमचा नाही. तुमच्यासारख्या लाखभर लोकांचा मिळून तो निघते. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी आईले मोबाईलवरून सिलेंडर बुक करणं शिकवायले बसले! ती मले विचारत होती, "यांले झालं तरी काय?" काय सांगू मी तिले?

शुगरची तपासणी सोमवारी आहे. उपाशीपोटी जा. कागद फ्रिजवर लावला आहे.

अजून एक. तंबाखूच्या रकान्यात मी 'नाही' भरलं होतं. तुमच्या खिशातली खर्र्याची पन्नी मले दिसत नाही का? एकाहत्तर आलं ते 'नाही' भरून. 'हो' भरून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

स्पृहा