खरी थप्पड

८ नोव्हेंबर, अकोला
अभिनय शिकावा लागतो म्हणे! अश्विन दिग्दर्शक झाल्यापासून रोज तेच ऐकवतो. मी बायकोला बदडणाऱ्या नवऱ्याचं काम करतोय. त्यात शिकायचं काय? राग आला की झालं.

११ नोव्हेंबर
थपडेची तालीम. बायकोचं काम निखतकडे – आमच्या ग्रुपमधली सगळ्यात जुनी नटी. माझा हात गालापासून वीतभर लांब थांबायला हवा. टाळी तिने पदराआड वाजवायची, मान झटकायची. चार वेळा केलं, चारही वेळा तिला लागलं. सगळ्यांदेखत म्हणाली, "नितेशभाऊ, मले लागलं म्हंजे तुमाले जमलं नाई." पोरं हसली. तेव्हापासून डोकं तडकलेलंच आहे.

१९ नोव्हेंबर
उद्या अमरावतीला स्पर्धा. सीमा येतेय. नऊ वर्षं झाली लग्नाला, बायको पहिल्यांदाच माझं नाटक बघणार.

२० नोव्हेंबर, अमरावती
मारली. पूर्ण ताकदीने. तिचे हात टाळीला जुळायच्या आत माझा पंजा कानावर बसला. ती कोसळली, ओठ फुटला. प्रेक्षक आधी सुन्न – मग टाळ्यांचा कडकडाट.

खरं लिहितो. तेव्हा मी कुठल्याच भूमिकेत नव्हतो. पोरांसमोर बोलली होती ना, त्याचं उट्टं काढलं. बरं वाटलं.

पुढची चाळीस मिनिटं तिने एक ओळ चुकवली नाही. सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. वाटलं, चिडलीय. नंतर मेकअपच्या खोलीत अश्विन काही विचारायला गेला, तर तिने दुसरा कान पुढे केला. म्हणाली, "थपडेपासून कानात नुसती शिट्टी वाजून राहिली. नितेशभाऊचे ओठ पाहून बोलली मी."
मी बूट घालत होतो. वर बघितलं नाही.

२१ नोव्हेंबर
अभिनयाचं पहिलं बक्षीस मला! निखतला उत्तेजनार्थसुद्धा नाही. तिच्या कानाच्या पडद्याला छिद्र पडलंय, डॉक्टर म्हणाले, ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. भेटायला गेलो नाही. चषक घेतला आणि सरळ अकोल्याची बस धरली.

२२ नोव्हेंबर
सीमा चषकाला हात लावेना. म्हणाली, "हा निखतले द्या. अभिनय तिनं केला. तुमी त घरी असता तसेच होते."
माझा हात उठला. तिने सवयीने आधीच कान झाकला होता.