वाऱ्याच्या खालच्या अंगाला

ग्लेन आर्डॉक, स्कॉटलंड

प्रिय रॅनल्ड काका,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. माझ्या घरच्या टेबलावर ठेवून जातेय; मी परतले नाही, तर दुसऱ्या कुणाला तरी सापडेल.

तुम्ही ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या या माळाचे राखणदार, मी त्याच ग्राउझवर संशोधन करणारी तुमची पुतणी. आपले खटके जुनेच. पण आज तुमच्याकडे चहा पिताना पिशवीतलं माझं यंत्र वाजायला लागलं. रेडिओचा पट्टा बांधलेला पक्षी जिवंत असला की ते संथ वाजतं, मेला की घाईनं. ते घाईनं वाजत होतं, आणि दारामागच्या तुमच्या कोटाजवळ गेले की मोठ्यानं.

यंत्रावरचा आकडा पाहिला, पट्टा ग्राउझचा नव्हता. ग्राउझची पिल्लं उचलणाऱ्या ससाण्याच्या मादीचा होता. तिला मारलं तर तुरुंग आहे.

"बंद कर गं ते, डोकं उठतं," तुम्ही म्हणालात. मी बंद केलं. तुम्ही माझ्या ताटलीत अजून एक ओटची भाकरी वाढलीत.

"उद्या माळावरची हेदरची जुनी झुडपं जाळायचीत. तू ओढ्यापाशी उभी राहा."

"वारा?"

"डोंगराकडचा."

म्हणजे आग ओढ्याकडेच येणार. काका, आग लावणाऱ्याच्या पाठीशी राहायचं, समोर कधी जायचं नाही, हे लहानपणी माझा कान पिळून तुम्हीच शिकवलं होतंत.

उद्या आले नाही, तर मला कळलंय हे तुम्हाला कळेल. म्हणून येईन, पण तुमच्या पाठीशी उभी राहीन.

निघताना तुम्ही दारापर्यंत आलात. माझा मफलर नीट केलात आणि म्हणालात, "ते यंत्र मात्र आठवणीनं बरोबर आण."

अजून तरी तुमची पुतणी,
कर्स्टी