स्टाफची बाटली

मंगळवार, दिवे लागायच्या वक्ताले

आजबी किळसच येऊन राह्यली. जिवतीच्या डोंगरावरची इहीर आटली म्हून आमी सारे खाली या शाळेत येऊन पडलो, चार दिवस झाले. टँकरचं पाणी एकाच ड्रमात, त्यात साऱ्याईचे हात बुडते. माह्या पोरीले कालपासून हगवण लागली. सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईनं मीठ-साखरेची पुडी देली, म्हणे साफ पाण्यात घोळून पाज. आमच्या डोंगरावर लुगडं चारपदरी करून गाळलं का पाणी साफ. म्या ड्रमातलं तसंच गाळून पाजलं. पोरगी जास्तच हागली. काऊन पाजलं म्या?

दुपारी डाक्टर आला. पोरीचं पोट दाबलं अन् सीलबंद बाटली फोडून हात धुतले. पेयाच्या पाण्यानं हात.

म्या म्हणलं, "भाऊ, थे बाटली पोरीले द्या ना."

"ते स्टाफचं पाणी आहे, बाई."

"मंग माह्या पोरीले हात लावून स्टाफ घाण झाला का?"

नर्सबाई तोंड फिरवून हासली. तिनंच खोक्यातून दुसरी लिटरभराची बाटली अन् नवी पुडी काढून माह्या वटीत टाकली. "पुरी पुडी यातच टाक. चमच्या-चमच्यानं पाज."

डाक्टर थे धुतलेले हात रुमालानं पुसत राह्यला.

पोरगी आता चमचा चाटून राह्यली. डोळे अजून खोलच हायेत, मले भेव वाटते. अर्धी बाटली उरली. तहान मलेबी लागली होती, पण बाटलीले तोंड नाई लावलं. ड्रमातलंच पेली, नाक दाबून.